वाकवलेला दांडा, कापलेला दांडा

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण माणसांच्या फितुरीसाठी वापरतो. पण म्हण रचणाऱ्याने दांडा टिकतो आणि गोत पडते, असे गृहीत धरले. प्रत्यक्षात लोखंडाच्या एका पात्याने कितीतरी दांडे संपवलेले असतात. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या धानाच्या पट्ट्यात फावडे, कुऱ्हाड, कुदळ, विळा ही रोजची अवजारे. त्यांची पाती झिजेपर्यंत चालतात, दांडे मात्र बदलत राहतात.

दांडा कशाने मजबूत होतो असे विचारले तर दोन उत्तरे ठरलेली. जुन्या चालीचा माणूस म्हणेल, लाकूड पक्के हवे आणि दांडा जाड हवा; धावड्याचा असेल तर बघायलाच नको. नव्या मालाचा विक्रेता म्हणेल, आता थरांचा दांडा घ्या, पट्ट्या एकावर एक चिकटवलेला, हाताला बसेल असा वळवलेला. तो मोडतच नाही. पहिल्याला थरांचे लाकूड म्हणजे ठिगळ वाटते, दुसऱ्याला जादू. दोघांची समजूत एकाच जागी उथळ आहे. बळ हा लाकडाच्या जातीचा गुण आहे, सोन्याच्या कसासारखा, असे दोघेही धरून चालतात.

माझे म्हणणे असे: दांड्याचे बळ मुख्यतः त्यातल्या तंतूंच्या दिशेवर ठरते, आणि हाताला सोयीचा आकार देताना आपण पहिला घाव त्या दिशेवरच घालतो. थरांच्या लाकडाची खरी कामगिरी ही की आकार वळतो तेव्हा तंतूही त्याच्यासोबत वळतात. ही कामगिरी मोठी आहे, पण ती अटींवर मिळते. अटी मोडल्या तर थरांचा दांडा रानातून तोडून आणलेल्या फांदीपेक्षाही वाईट निघतो.

१. ‘मजबूत’ या एका शब्दात दडलेले तीन प्रश्न

दांडा हळूहळू वाकवत नेला तर किती भाराला मोडतो, हा पहिला प्रश्न. एकदम दणका बसला तर किती दणका पचवतो, हा दुसरा. आणि शंभर दांड्यांपैकी सर्वांत कच्चे पाच किती कच्चे आहेत, हा तिसरा. बाजारात तिन्हींचे उत्तर एकाच शब्दात दिले जाते.

पहिल्या दोन प्रश्नांतला फरक साग शिकवतो. हळू वाकवून मोडण्याच्या चाचणीत सागाचे आकडे अमेरिकेतल्या अवजारांच्या पांढऱ्या अॅश लाकडाच्या अगदी जवळ येतात. दोन्ही चौरस मिलिमीटरला शंभर न्यूटनच्या आसपास. तरीही कुऱ्हाडीला सागाचा दांडा घालायला जाणता सुतार कचरतो. साग दारे-खिडक्यांचा राजा आहे, पण दणका बसला की त्याचा तुकडा पडतो. उलट हिकरी हे दांड्यांसाठी जगभर नावाजलेले लाकूड हळू वाकवण्यात अॅशपेक्षा साधारण एक तृतीयांशाने सरस, पण आघाताच्या चाचणीत दीडपटीहून सरस भरते. या चाचणीत सुमारे २३ किलोचा घण वाढत्या उंचीवरून नमुन्यावर टाकतात. अॅश सव्वा मीटरच्या आत मोडतो, शॅगबार्क हिकरीला मोडायला घण १.७ मीटरवरून सोडावा लागतो. म्हणजे कुऱ्हाडीचे लाकूड निवडताना पहिला आकडा पाहणे हेच चुकीचे वजन पाहणे आहे. आपल्याकडे धावड्याला इंग्रजांनी ‘अॅक्सलवूड’ म्हटले, बैलगाडीच्या कण्याचे लाकूड म्हणून. कण्यालाही असाच दणका सोसावा लागतो.

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि खरा नफा-तोटा तिथेच आहे. एकाच जातीच्या, निर्दोष, सरळ रेषेच्या लाकडाचे नमुने मोडले तरी आकडे एकसारखे येत नाहीत. वाकवण्याच्या बळात १६ टक्क्यांच्या आसपास विचलन असते, आघाताच्या बळात २५ टक्के. हे झाले प्रयोगशाळेतल्या गाठीविरहित तुकड्यांचे. १६ टक्के विचलन म्हणजे सरासरी शंभर धरली तर सर्वांत कच्चे पाच टक्के नमुने ७४ च्या खाली. माणसाच्या हातात सरासरी दांडा कधीच येत नाही, एकच दांडा येतो, आणि तो त्या पाचांतला असू शकतो.

२. रेषा: लाकडाचे बळ कुठे तुटते

लाकूड म्हणजे लांबट नळ्यांची मोळी. मोळी लांबीच्या दिशेने ओढून तोडणे कठीण, नळ्या एकमेकींपासून उकलणे सोपे. म्हणून रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, दांड्याच्या लांबीला समांतर असेल तोवरच लाकडाच्या जातीला अर्थ असतो. रेषा तिरकी झाली की दांडा तुटत नाही, उकलतो. मोडलेला दांडा हातात घेऊन पाहावा. चांगल्या दांड्याच्या तोंडावर झाडूसारखे लांब कुसळ निघालेले दिसतात. वाईट दांड्यावर तिरका, गुळगुळीत, कलमासारखा काप दिसतो, आणि तिथे लाकूड किती पक्के होते याला काही महत्त्व उरत नाही.

याचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मॅडिसन इथल्या वनोपज प्रयोगशाळेने फार पूर्वी काढून ठेवले आहेत. दहा सेंटिमीटर लांबीत रेषा एक सेंटिमीटर सरकली, म्हणजे दहास एक उतार, तर वाकवण्याचे बळ शंभरावरून ८१ वर येते. हे वाचून सुतार म्हणेल, ठीक आहे, चालेल. पण आघाताचे बळ तेवढ्याच उतारावर ६२ वर येते. पाचास एक उतार असेल तर वाकवण्याचे ५५, आघाताचे ३६. म्हणजे जी गोष्ट दांड्याला सर्वांत जास्त लागते, तीच तिरक्या रेषेने सर्वांत आधी जाते.

म्हणूनच करवतीने कापलेल्या फळीतून काढलेला दांडा आणि ओंडका फोडून काढलेला दांडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. करवतीला रेषा दिसत नाही, ती आपल्या दोरीने चालते. कुऱ्हाड रेषेनेच फोडते. फोडलेले लाकूड वाकडे निघाले तरी त्याचे तंतू अखंड असतात. नांगराला लागणारा बाक बाभळीच्या नैसर्गिक वाकड्या खोडात शोधण्याची रीतही याच शहाणपणातून आली. झाड वाढतानाच वळले, वर्षामागून वर्ष एकेक वलय त्या वळणावर चढले. झाडाने केलेले ते थरकामच होते, फक्त त्याला वीसेक वर्षे लागली.

३. हाताची सोय बळ कुठे खाते

आता हाताकडे. जोर लावून धरायच्या अवजाराच्या मुठीचा व्यास साधारण ३२ ते ५० मिलिमीटर असावा, असे अमेरिकेच्या निऑश या संस्थेचे मार्गदर्शन आहे. लहान पंजाला या पट्ट्यातली खालची बाजू सोयीची. गोंदियात रोवणी आणि धानकापणीचा मोठा भार बायकांच्या हातांवर असतो, पण बाजारातली मूठ मात्र कोणत्या हाताची मापे घेऊन केली आहे याचा पत्ता नसतो. मूठ बारीक करा म्हटले की लगेच उत्तर येते: बारीक केली तर मोडेल. हा आक्षेप पोकळ नाही. गोल दांड्याचे वाकवण्याचे बळ व्यासाच्या घनाने बदलते. ४० मिलिमीटरचा दांडा ३२ चा केला, म्हणजे व्यास पाचव्या हिश्शाने कमी केला, तर बळ निम्म्यावर येते. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, तो चाळीस टक्क्यांच्या आसपास उरतो.

पण इथे दुसरी बाजू विसरली जाते. दांड्यावरचा ताण सगळीकडे सारखा नसतो. लोखंडाच्या नेढ्यापाशी तो सर्वांत जास्त, आणि हातांकडे येताना कमी होत जातो. म्हणजे मूठ बारीक ठेवून नेढ्याजवळचा भाग भक्कम ठेवला तर काहीच बिघडत नाही. शिवाय दांडा गोलच का असावा? ३८ बाय २६ मिलिमीटरचा लंबगोल घेतला, त्याची लांब बाजू घावाच्या दिशेने ठेवली, तर तेवढ्याच लाकडाच्या गोल दांड्यापेक्षा तो त्या दिशेने वीस टक्क्यांनी जास्त बळकट असतो. वर पात्याची धार कुठे आहे हे हाताला न पाहता कळते, ते वेगळेच. फावड्याचा दांडा लांब केला तर कंबर कमी वाकते. लांबी २० टक्के वाढली की नेढ्यापाशी ताणही तेवढाच वाढतो, पण त्यासाठी व्यास सहा टक्के वाढवला की पुरे. आकाराच्या सोयीला बळाचा विरोध आहे असे जे म्हणतात, त्यांनी ही साधी गणिते केलेली नसतात.

खरी अडचण जाडीची नाही, बाकाची आहे. हाताला सुखाचा दांडा सरळ नसतो. मनगट सरळ राहावे म्हणून मुठीला बाक हवा, खालचा हात घसरू नये म्हणून टोकाला फुगवटा हवा. कापणी करताना बोटे जमिनीला किंवा धसकटांना घासू नयेत म्हणून विळ्याच्या मुठीला उठाव हवा. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने पुढे आणलेल्या ‘नवीन’ विळ्याच्या लाकडी मुठीला मागे असाच खास आकार आहे. आता सरळ फळीतून करवतीने १५ अंशांचा बाक कापून काढला तर त्या टप्प्यावर रेषेचा उतार किती होतो? चारास एकहून तीव्र. आघाताचे बळ पाचास एक उतारावरच तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते हे आपण वर पाहिले. मोडते ते इथे, आणि दोष दिला जातो ‘फॅन्सी आकारा’ला. आकार निर्दोष होता, तो ज्या रीतीने काढला ती रीत चुकली.

४. थर नेमके काय करतात

जाड लाकूड वाकवले की बाहेरचे अंग ताणले जाते आणि आतले दबते. ताणाचे गणित सरळ आहे: जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. ३३ मिलिमीटर जाडीचा दांडा ३०० मिलिमीटर त्रिज्येत वळवायचा तर बाहेरचे तंतू साडेपाच टक्के ताणले जातील. वाळलेले लाकूड एका टक्क्याच्या आसपास तुटते. तेच लाकूड तीन-तीन मिलिमीटरच्या अकरा पट्ट्यांत चिरले तर प्रत्येक पट्टी अर्ध्या टक्क्यातच वळते. पट्ट्यांना डिंक लावायचा, साच्यात दाबायच्या, डिंक बसू द्यायचा. साच्यातून काढल्यावर दांडा थोडा मागे सरकतो, तेवढा बाक साच्यात आधीच जास्त ठेवायचा. मग तो वळलेला राहतो आणि एकही तंतू तुटलेला नसतो. झाडाला वीस वर्षे लागली तेच काम इथे एका दिवसात होते.

दुसरे काम सरासरीचे आहे. अकरा पट्ट्या वेगवेगळ्या जागेच्या असतील तर एकीतली गाठ दुसरीतल्या गाठीवर येण्याची शक्यता कमी. दोष विखुरतो. सगळ्या पट्ट्यांनी सारखाच वाटा उचलला असता तर विचलन थरांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटले असते, पण ते तसे होत नाही. वाकताना बाहेरच्या एक-दोन पट्ट्याच बहुतेक भार घेतात. म्हणून जाहिरातीइतका फायदा होत नाही. तरी विचलन १६ वरून आठ टक्क्यांवर आले तरी सर्वांत कच्चे पाच टक्के दांडे ७४ च्या जागी ८७ च्या खाली असतील. सरासरी तिथेच राहिली, तळ वर आला. थरांचा दांडा ‘दुप्पट मजबूत’ नसतो. त्याच्याकडून दगा होण्याची शक्यता कमी असते.

इथेच एक गल्लत दूर करायला हवी, कारण ती सर्वत्र आहे. थर म्हटले की लोकांना प्लायवूड आठवते. प्लायवूडमध्ये एक थर उभा, एक आडवा असतो, कारण टेबलाच्या पाटाला दोन्ही दिशांनी बळ हवे असते. दांड्याला एकाच दिशेने हवे असते. पाच थरांच्या प्लायवूडमधून दांडा काढला तर दोन थर आडवे, म्हणजे वाकवण्याच्या कामी जवळजवळ निकामी. थरांच्या दांड्यात सगळ्या पट्ट्यांचे तंतू लांबीलाच समांतर हवेत. ‘प्लायचा दांडा मोडला’ म्हणून थरांच्या लाकडाला नावे ठेवणे म्हणजे आडवी वीट लावून भिंत का पडली असे विचारणे.

आणि थरांचा दांडा ही काही परदेशी नवलाई नाही, ती घराघरांत आहे. क्रिकेटच्या बॅटीच्या मुठीवरचे रबर सोलून, आतली दोऱ्याची वेटोळी उलगडून पाहावे. वेताच्या पट्ट्या, मध्ये रबराच्या किंवा बुचाच्या पातळ फिती, सगळे चिकटवलेले. खाली पाते विलोचे, आणि मूठ मात्र विलोची नाही. विलो हलका आहे, पण चेंडूचा दणका मनगटापर्यंत येऊ न देणे हे त्याच्या एकट्याच्या हाताबाहेरचे आहे. थरांनी इथे बळ आणि हाताची सोय ही दोन कामे एकाच तुकड्यात केली आहेत.

५. आक्षेप: डिंक सुटला की सगळे संपले

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि त्याचे दोन भाग करून उत्तर द्यायला हवे.

पहिला भाग बळाचा. थर एकमेकांवर घसरतील का? सातशे मिलिमीटर लांब, ३५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यात घसरणीचा ताण वाकण्याच्या ताणाच्या सुमारे १२०वा हिस्सा असतो. लाकडाची स्वतःची घसरणीविरुद्धची ताकद वाकण्याच्या ताकदीच्या साधारण आठव्या हिश्शाची. म्हणजे डिंक लाकडाइतका धरत असेल तर पंधरापट सवलत हाताशी आहे. लांब, सडपातळ वस्तूत डिंकाची रेघ हा कच्चा दुवा नसतो; आखूड, जाड वस्तूत असतो. हातोडीच्या आखूड दांड्याचा विचार वेगळा करावा लागेल, फावड्याच्या दांड्याचा नाही.

दुसरा भाग पाण्याचा, आणि तिथे आक्षेप घेणारा बरोबर आहे. गोंदियात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. फावडे बांधीच्या चिखलात उभे राहते, धुऱ्यावर पडून राहते. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर राहिली तर लाकूड आपल्या वजनाच्या वीस टक्के पाणी धरते. उन्हाळ्यात आर्द्रता तीस टक्क्यांवर आली की सहा टक्के. दरवर्षी एवढी फुगाफुगी आणि आकसणे डिंकाला सोसायचे असते. जर्मन सुतार मायकेल थोनेटने १८३०च्या दशकात पातळ पट्ट्या सरसात शिजवून खुर्च्या वळवल्या, पण सरसाचा जोड दमट हवेत टिकत नसे. पुढे तो वाफेने सबंध लाकूड वाकवण्याकडे वळला आणि १८५९ची त्याची प्रसिद्ध १४ नंबरची खुर्ची त्या रीतीने झाली. सुताराच्या दुकानातला पांढरा डिंक या बाबतीत सरसाचाच भाऊ आहे: कोरड्यात उत्तम, ओल्यात मऊ, आणि सतत भाराखाली हळूहळू सरकणारा. त्याने चिकटवलेला दांडा घराच्या ओट्यावर शोभेल, बांधीत नाही.

पण थोनेटनंतर काही काळ गेला आहे. बेकलाइटच्या कुळातले फिनॉलचे डिंक उष्ण दाबाखाली बसतात आणि उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. रिसॉर्सिनॉलचे तर थंडच बसतात. भारतीय मानकांत हा फरक लिहून ठेवलेला आहे. आयएस ३०३ मध्ये साध्या ओलाव्याला टिकणारे आणि उकळत्या पाण्याला टिकणारे असे दोन दर्जे आहेत, आणि आयएस ७१० च्या मरीन प्लायवूडच्या जोडाला ७२ तास उकळण्याच्या परीक्षेतून जावे लागते. दांडा विकत घेणाऱ्याने ‘थर किती’ विचारण्याआधी ‘डिंक कोणता’ विचारायला हवे. ज्या दांड्यावर हे लिहिलेले नाही, त्याच्याबद्दल जुन्या चालीच्या माणसाचा संशय रास्त आहे.

कोणी म्हणेल, मग धावड्याचेच थर का करू नयेत, दोन्हींचा फायदा. कारण जड, घट्ट लाकडात डिंक नीट शिरत नाही. सागात तेल असते, ते वेगळी अडचण करते. ताजा रंधा मारून लगेच चिकटवावे लागते. सबंध दांड्यासाठी उत्तम असलेले लाकूड थरांसाठी उत्तम असतेच असे नाही.

६. आक्षेप: रानातली फांदी फुकट मिळते

हा आक्षेप पैशाचा दिसतो, पण तो हक्काचा आहे. जुन्या मध्य प्रांतात निस्ताराच्या हक्कांत शेतीच्या अवजारांसाठी लाकूड घेण्याची सोय होती. भंडारा जिल्ह्याचा भाग असलेला हा मुलूख १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्रात, आणि १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला. सवय मात्र तीच राहिली. ज्या गावाला रानातून दांडा आणायची परवानगी आणि पारख दोन्ही आहेत, त्याने कारखान्याचा दांडा का घ्यावा? सरळ उत्तर: घेऊ नये. सरळ रेषेची, निवडून फोडलेली धावड्याची फांदी सरळ दांड्यासाठी आजही पहिल्या नंबरची आहे, आणि मोडली तर अर्ध्या तासात दुसरी तासता येते.

पण अशी फांदी किती राहिली? सरळ वाढलेला, गाठी नसलेला, दांड्याजोगा धावडा हा परिपक्व रानाचा माल आहे. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्या पट्ट्यातल्या लाकडाकडे बोट दाखवणेच कठीण झाले. जे भरपूर आहे ते बारीक आहे: सागवनाच्या विरळणीतल्या बल्ल्या आणि मानवेल बांबू. बल्लीतून लांब निर्दोष फळी निघत नाही, पण तीन मिलिमीटरच्या पट्ट्या निघतात. थरांच्या लाकडाची खरी जागा इथे आहे. ते चांगल्या लाकडाचा पर्याय म्हणून येत नाही. जे लाकूड दांड्याच्या कामाचेच नव्हते त्याला ते कामाचे करते.

मानवेलाची गोष्ट याहून रंजक आहे, आणि तिथे बुरडाची नजर अभियंत्याच्या पुढे जाते. बांबूच्या भिंतीत बाहेरच्या हिरव्या अंगाला तंतू दाट, आतल्या पांढऱ्या अंगाला विरळ. सूप-टोपली विणणारा बुरड कोणती पट्टी कुठे लावायची हे त्यावरूनच ठरवतो. थरांच्या दांड्यात ही निवड करता येते: बाहेरच्या अंगाची पट्टी ताणाच्या बाजूला, आतल्या अंगाची मधल्या पोटात, जिथे वाकण्याचा ताण जवळजवळ शून्य असतो. सबंध लाकडात ही मुभा कधीच नसते, निसर्गाने दिले तसे घ्यावे लागते. बांबूतल्या पिठूळ अंशामुळे भुंगा लागतो, त्यासाठी बोरिक-बोरॅक्सचा उपचार करावा लागतो, हे खरे. पण कायद्याच्या बाजूने वाट मोकळी होत गेली आहे: २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात आला, २०११ मध्ये शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती मिळाला, आणि भारतीय वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ राहिला नाही.

७. मग सरळ फायबरचाच का नको

काचतंतूचा दांडा वाकवण्यात आणि पाण्यात सरस आहे, यात वाद नाही. पण तो साच्यातून निघाला तसाच वापरावा लागतो. लाकडी मूठ कानशीने घासून आपल्या पंजाची करता येते. फायबर घासले तर काचेचे कुसळ हातात शिरते. जिथे अवजार एका घरात तिघांच्या हातांतून फिरते तिथे ही लहान गोष्ट नाही. अर्थात थरांच्या दांड्यालाही हवे तसे घासता येत नाही. वळलेल्या थरांवरून कानस चालवली की बाहेरची पट्टी पातळ होत टोकाशी संपते, आणि आपण पुन्हा तिरकी रेषा तयार करतो. घासायचे तर बगलांना. कुऱ्हाडीच्या दांड्याचे पाठीकडचे अंग, म्हणजे धारेच्या उलट बाजूचे, घाव बसताना ताणले जाते. तिथल्या पट्टीला हात लावू नये.

८. नेढ्यातली लढाई

शेवटी जिथे बहुतेक दांडे खरोखर मरतात, त्या जागेबद्दल. लोखंडाच्या नेढ्यात दांडा सैल झाला की रात्री अवजार पाण्यात बुडवून ठेवायचे, सकाळी घट्ट झालेले असते. हा उपाय सर्वांना माहीत आहे आणि तोच दांडा मारतो. लाकूड फुगते, लोखंड मागे सरत नाही, मग लाकडाच्या नळ्या नेढ्याच्या भिंतीशी चेंगरतात. पाणी उडाले की चेंगरलेले लाकूड पहिल्यापेक्षा बारीक उरते. म्हणून प्रत्येक भिजवण्यानंतर दांडा जास्त लवकर सैल होतो. थर यावर उपाय नाहीत. डिंक पिऊन घट्ट झालेले थर थोडे कमी फुगतात, एवढेच.

उलट थरांनी इथे एक नवी काळजी आणली आहे. घावाच्या दिशेने रचलेल्या थरांत नेढ्याच्या लांब बाजूने मारलेली लाकडी पाचर सगळे थर आडवे छेदत जाते, त्यामुळे डिंकाची रेघ उघडत नाही. सवयीने तिच्यावर आडवी लोखंडी पाचर ठोकली जाते, ती मात्र बरोबर दोन थरांच्या मध्ये बसते आणि त्यांना उघडत जाते. वर पाणी शिरायला वाट मिळते. म्हणून थरांच्या दांड्याचे नेढ्यात जाणारे टोक तेल किंवा डिंकाने बंद करून घ्यावे, लोखंडी पाचर ठेवून द्यावी, आणि सैल झाला तर बादलीकडे न जाता लाकडी पाचर बदलावी. हे करायला लोहाराच्या दुकानात जावे लागत नाही. वाकस, हातोडी आणि वाळलेल्या बाभळीचा चार बोटांचा तुकडा पुरतो.